पेट्सोल्डबाईंचा आरसा

जर्मनीतल्या येना शहरातल्या एका प्रयोगशाळेत हाइड्रुन पेट्सोल्डबाईंचा दावा सगळ्यांना तोंडपाठ होता. एकतीस वर्षांत त्यांनी चिकटवलेला एकही आरसा तिरका गेला नव्हता. आरसा तिळाच्या दाण्याएवढा. घशात घालायच्या नळीच्या टोकाशी तो सेकंदाला शेकडो वेळा डुलायचा, त्यावरून प्रकाश आत फिरायचा आणि डॉक्टरांना न कापता गाठ दिसायची. आता हे आरसे चिकटवणारं यंत्र घेऊन सोमवारी एक विक्रेता येणार होता. बाईंनी ठरवलं, शुक्रवारीच अशी नळी करायची की त्याने आल्या पावली परत जावं!

नळी झाली. पडद्यावर चित्र आलं आणि थरथरायला लागलं.

बाईंनी आधी ट्रामला दोष दिला. ट्राम गेली तरी तेच. मग कॉफीच्या यंत्राची वायर काढली. दर तासाला खिडक्या उघडून हवा खेळवायची पद्धतही बंद केली. येनात हे म्हणजे माणसांचं जेवण तोडण्यासारखं. दारादारांवर बाईंच्या सहीच्या सूचना लागल्या: दार आपटू नये, जिन्यात पळू नये, बूट काढून चालावे. दुपारपर्यंत अकरा शास्त्रज्ञ नुसत्या मोज्यांवर, घामाघूम, कॉफीवाचून वावरत होते. प्रमुख डॉक्टर लिंडिग तर शिंकायला अंगणात जात होते.

शेवटी तेच चाचरत म्हणाले, "बाई, आरसाच तिरका बसला असेल का हो?"

बाईंचा चेहरा पडला. त्या चष्मा पुसायला उठल्या. तिथला नियम असा, की ज्याने नळी केली त्यानेच चाचणीला बोट द्यायचं, म्हणून सकाळपासून नळीखाली बाईंचंच बोट होतं. ते निघालं तसं स्वेन्या नावाच्या नव्या इंजिनीयर मुलीने सहज आपलं ठेवलं. चित्र एकदम शांत झालं. कातडीखालची घामाची नागमोडी वाटसुद्धा स्वच्छ दिसली.

सगळ्यांच्या नजरा बाईंच्या हाताकडे गेल्या आणि लगेच आपापल्या मोज्यांकडे वळल्या.

बाईंना हे वर्षभर ठाऊक होतं. श्वास रोखून, मनगट टेकवून त्या आरसा अजूनही सरळच बसवायच्या. हात मोकळा सोडला की मात्र तो ऐकत नसे. घरी कपात चहासुद्धा त्या अर्धाच ओतायच्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण आरशावर आळ येऊ देणं त्यांच्याने होईना.

"आरसा सरळ आहे," त्या म्हणाल्या. "हलतेय ती मी."

लिंडिगांची पंचाईत झाली. झाल्या दोषाची नोंद करणं भाग होतं. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं.

"लिहा, बोट," बाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं: कारण, बोट. उपाय, बोट बदलले.

बाईंनी ते दोनदा वाचून खाली सही केली. मग सूक्ष्मदर्शकाशी दुसरी खुर्ची ओढली.

"बस गं स्वेन्या. बदललेल्या बोटाला आता कामही यायला हवं."