गुरवांच्या रक्तातलं जस्त

मिरजेच्या सदानंद गुरवांच्या रक्तातलं जस्त मंगळवारी सकाळी घर सोडून शेजारच्या बोंगाळ्यांच्या रक्तात राहायला गेलं. जाताना त्याने कुणाला सांगितलं नाही, एवढं मात्र त्याचं चुकलंच.

रक्ताच्या तपासणीत ते उघडकीला आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तांबं भरपूर आहे, जस्त अजिबात नाही. तुमच्या शेजारच्या बोंगाळ्यांच्या रक्तात मात्र दुप्पट निघालंय. गेल्या महिन्यात तुमचं तोंड वाकडं होऊन पुन्हा सरळ झालं, ते नशीब समजा. आता जस्त नसताना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर अर्धं अंग जाईल. गोळ्या मी देते. जस्ताची समजूत तुम्ही काढा."

संध्याकाळी गुरव बायकोला, म्हणजे शालनताईंना, घेऊन बोंगाळ्यांकडे गेले. बोंगाळ्यांच्या गालांवर तजेला होता. गुरवांना तो बघवेना.

"आमचं जस्त इथं आलंय म्हणे."

"आलंय की." बोंगाळ्यांनी मनगट पुढे केलं. "बोला. पण आवाज चढवायचा नाही. आता ते आमच्या घरचं आहे."

मनगटातून जस्त म्हणालं, "सकाळी डोळे उघडले की तांब्याच्या कळशीतलं पाणी. पाहुणा आला की कळशीचं कौतुक. माझं नाव कधी निघालं तुमच्या तोंडून?"

"अरे, तुझ्यासाठी शेंगदाणे खातो की मी!"

"ते तुम्ही पोह्यातले वेचून खाता. माझ्यासाठी नाही. त्या घरात एक तर कळशी राहील, नाहीतर मी."

"कळशी माझ्या माहेरची आहे," शालनताई म्हणाल्या. "ती कुठं जायची नाही."

"मग राहू दे ना ह्याला इथंच," बोंगाळे चहा पुढे करत म्हणाले. "आमच्या जस्तालाही सोबत झालीय."

गुरव काहीतरी झणझणीत बोलायला गेले. पण हातातली बशी कलली, चहा विजारीवर सांडला आणि तोंडातून फक्त "शा... शाल..." एवढंच आलं.

शालनताईंनी बोंगाळेबाईंना रिक्षा बोलवायला सांगितलं. स्वतः घरी पळाल्या आणि भरलेली कळशी आणून बोंगाळ्यांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या! आजपासून तुमची. प्या!"

बोंगाळ्यांचा त्या कळशीवर किती वर्षं डोळा होता. ते तिथंच घटाघटा प्यायले. गुरवांचं जस्त तडक उठलं. बोंगाळ्यांच्या स्वतःच्या जस्तालाही हा अपमान सोसला नाही. तेही मागोमाग निघालं.

रिक्षा येईपर्यंत गुरवांची जीभ वळायला लागली. तरी त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर बोंगाळे. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, आमचं जस्त आलंय का हो तुमच्याकडे?"

"दोन्ही इथंच आहेत," शालनताई दार अर्धंच उघडत म्हणाल्या. "आत्ताच जेवून पडलीत. उठली की विचारते."