पवळ्याचा त्रिपक्षीय करारनामा

विद्यापीठाला एक बैल हवा होता. चाळीस दिवसांसाठी, कामकरी, खांदा सुजलेला आणि करारास पात्र असलेला.

यात हसण्यासारखं काही नाही. विद्यापीठातल्या डॉ. प्रतिभा टेमगिरे यांनी बैलाच्या मानेला घासणार नाही असं एक नवं जू तयार केलं होतं. आतून मऊ गादी, बाजूला ओढ मोजणारं छोटं यंत्र. कामात एका कंपनीचाही हात होता. हे जू खऱ्या चिखलात, खऱ्या बैलावर, भाताची रोपं लावायच्या आवणीच्या दिवसांत तपासायचं होतं. प्रतिभाबाई अवसरी बुद्रुकच्या शेतकरी घरातल्या, त्यामुळे बैल शोधायला त्यांना दोन दिवस पुरले. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीवर जानकू लोहकरे राहत होता. त्याच्या जोडीतल्या पवळ्याची खांद मागच्या हंगामापासून सुजलेली होती. जानकूची भातखाचरं उतारावर एकाखाली एक होती. तिथे ट्रॅक्टर गेला असता, पण वरून खाली, आणि एकदाच.

"जू मिळालं तर पवळ्या ऱ्हातोय," जानकूने सांगून टाकलं. "न्हाई मिळालं, तर आवणीच्या आदी बेल्ह्याच्या बाजारात उभा करनार. सुजल्या खांद्यानं त्याला चिखलात घालायचं पाप मी न्हाई करायचो."

बैल मिळाला, जू तयार होतं. राहता राहिला करार. तो करायला विद्यापीठात संशोधन करार व्यवस्थापन कक्ष होता आणि कक्षाच्या प्रमुख होत्या वैजयंती पिंगट.

पिंगट मॅडमचा लौकिक मोठा होता. त्यांच्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीत एकाही करारावर वाद झाला नव्हता. वाद व्हायला आधी करार व्हावा लागतो, हे त्यांच्या विरोधकांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मॅडमचा मात्र कागदावर मनापासून विश्वास होता. आईने डबा दिला तरी त्यांना पोच द्यावीशी वाटे. त्या मूळच्या बेल्ह्याच्या. वडील दादाभाऊ चाळीस वर्षं तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, बोटं दाबून आकडा कळवायचा, सौदा पक्का. कागद नाही, सही नाही, आणि आयुष्यात एकही सौदा मोडला नाही. ऑफिसात कोणी विचारलं तर मॅडम सांगत, "वडीलही करार क्षेत्रातच होते." आणि विषय बदलत.

मार्चमध्ये मसुदा तयार झाला. 'कामकरी पशूंच्या स्कंधभार-न्यूनीकरण उपकरणाच्या क्षेत्रीय चाचणीबाबत त्रिपक्षीय करारनामा', पृष्ठे अडतीस. पक्ष एक विद्यापीठ, पक्ष दोन कंपनी, पक्ष तीन जानकू. पवळ्याला पक्ष करून घ्यावं की नाही यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी तो 'विषयवस्तू' ठरला. भूकंप, महापूर, युद्ध आणि बैलाचे बसणे या चार गोष्टी अपरिहार्य आपत्तीत धरल्या गेल्या. एवढ्यावर सह्या झाल्या असत्या, पण विधी सल्लागार बाळासाहेब यांनी कलम चौदा काढलं.

"चाचणीच्या काळात विषयवस्तूतून जे जे बाहेर पडेल," बाळासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "ते संशोधनातून निर्माण झालेलं मानावं लागेल. त्याची मालकी विद्यापीठाची."

बैठक विद्यापीठाच्या जुन्नरच्या उपकेंद्रात होती. जानकू आणि त्याची बायको झुंबरबाई सकाळच्या एसटीने आले होते. बैलातून 'बाहेर पडेल' म्हणजे काय, हे दोघांना जरा वेळाने उमगलं.

"म्हंजी शेण तुमचं?" झुंबरबाईने विचारलं.

"तूर्तास वादग्रस्त आहे," बाळासाहेब म्हणाले.

"आन् मी घर कशानं सारवू? तुमच्या ह्या कागदानं?"

शेणाला सहा आठवडे लागले. अखेर सकाळचं शेण विद्यापीठाचं आणि संध्याकाळचं जानकूचं असा तोडगा निघाला. विषयवस्तूस त्याप्रमाणे अवगत करावे, असा शेरा मॅडमनी स्वतः मारला. त्या दिवशी त्या खरोखर समाधानाने घरी गेल्या.

मग कंपनीचं पत्र आलं. जुवाची रचना गोपनीय होती आणि शेत उघड्यावर होतं, ही बाब कंपनीच्या निदर्शनास नुकतीच आली होती. म्हणून सर्व खाचरांना कनात लावायचं ठरलं. कनातवाला आतलं बघणार म्हणून त्याच्याशी गोपनीयतेचा वेगळा करार आला. कनातवाल्याने सही करण्याआधी विचारलं, की मी बघायचं नाही तर खांब रोवू कुठे? हा प्रश्न अभिप्रायासाठी वर पाठवण्यात आला.

तोवर जून सरत आला. आणि नेमका तेव्हा कलम तीन आणि कलम सात यांचा आपसात मेळ बसत नाही, असं उघडकीला आलं. कलम तीननुसार करार फक्त निरोगी जनावराबाबत करता येत होता. कलम सातनुसार चाचणी फक्त खांदा सुजलेल्या जनावरावर करता येत होती. जनावरांच्या डॉक्टरने 'खांदा सुजलेला' असा दाखला दिला, तर पवळ्या करारातून बाद होत होता. आधी उपचार करून निरोगी केला, तर चाचणीतून बाद होत होता.

"मॅडम, रोपं वीतभर झालीत," प्रतिभाबाई फोनवर जवळजवळ ओरडल्या. "जू माझ्या कपाटात आहे. मी गाडीत टाकून घेऊन जाऊ का?"

"करार नसताना?" मॅडमना घाम फुटला. "उद्या बैलाने जू मोडलं तर? जुवाने बैल मोडला तर?"

बाळासाहेबांनी दोन रात्रींची झोप घालवून मार्ग काढला. दाखल्यावर असं लिहायचं ठरलं, की 'बैल सर्वार्थाने निरोगी असून त्याचा खांदा त्याच्यापासून स्वतंत्रपणे आजारी आहे.' डॉक्टरने दाखला तीनदा वाचला आणि तो रजेवर गेला. कनातवाल्यासकट बाकी सगळे राजी झाले होते, आता त्याची तेवढी एक सही राहिली होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी जानकूचा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मॅडमना जड गेलं.

"मॅडम, पवळ्याला पिकअपमदी चढवलाय. बेल्ह्याला चाललोय. तुमाला कळवावं म्हनलं. तुमी लई खटपट केली."

नऊ वर्षांत कोणी त्यांना खटपट केली असं म्हटलं नव्हतं. मॅडम उठल्या, लाल फडक्यात बांधलेली फाईल उचलली आणि ऑफिसच्या गाडीने थेट बेल्हे गाठलं. रस्ताभर फाईल मांडीवर होती.

बाजारात पाय ठेवताच त्यांना सगळं ओळखीचं वाटलं. शेणाचा आणि कडब्याचा वास, घुंगरांचा आवाज, टेम्पोंच्या मागे उभी जनावरं. एका बाभळीखाली जानकू उभा होता आणि त्याचा हात एका जाड व्यापाऱ्याच्या उपरण्याखाली होता.

"जानकूभाऊ, थांबा!"

"झाला का कागद?"

"एक सही राहिलीय."

"मंग थांबून काय करू, ताई? परवा चिखलनी हाये, ह्याच्या जागी दुसरा बैल बगाया लागंल." जानकूने पवळ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्याचे डोळे भरले होते.

व्यापारी मॅडमकडे निरखून बघत होता. "दादाभाऊची वैजू का गं तू? बापाच्या मांडीवर बसून सौदं बगायचीस ती?"

ड्रायव्हर ऐकत होता. मॅडमचे कान तापले. मग त्यांनी पवळ्याची खांद पाहिली. सूज नारळाएवढी होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. अडतीस पानांत त्या सुजेची लांबी, रुंदी आणि उंची होती, पण मॅडमनी ती आज पहिल्यांदा पाहिली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी फाईलची गाठ सोडली, अडतीस पानं ड्रायव्हरच्या हातात कोंबली आणि लाल फडकं आपल्या मनगटावर टाकलं.

"आणा हात."

जानकूने व्यापाऱ्याच्या उपरण्यातला हात काढून फडक्याखाली घातला. मॅडमच्या बोटांना सगळं आठवत होतं. किती दिवस? त्यांनी चार बोटं दाबली, चाळीस. जानकूने तीन दाबली, तीस. पस्तीसवर जमलं. "शेण?" मॅडमनी विचारलं. जानकूने त्यांची मूठच मिटून टाकली, म्हणजे सगळं त्याचं. "आन् जू माज्याकंच ऱ्हानार," तो म्हणाला. मॅडमनी हात हलवला नाही. बाजारात हात हलवला नाही, की कबूल.

अर्धं मिनिट लागलं. "सौदा चांगला झाला, पावणं," व्यापारी म्हणाला आणि दुसऱ्या बैलाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी जू पवळ्याच्या मानेवर चढलं. आवणी झाली, पस्तीस दिवसांत सूज उतरली, प्रतिभाबाईंचे आकडे उत्तम आले, झुंबरबाईचं घर सारवून झालं. आणि लेखापरीक्षणात विचारणा आली, की कराराची प्रत कुठे आहे?

मॅडमनी खरं ते लिहिलं. करार झाला, फडक्याखाली झाला, अर्ध्या मिनिटात झाला. निलंबनाच्या तयारीने त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. पण कुलगुरूंनी 'अर्ध्या मिनिटात' या शब्दांभोवती हिरव्या शाईने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'स्थानिक ज्ञानपरंपरा. सर्वत्र लागू करावी.'

फडक्याला कागदोपत्री रुमाल हे नाव मिळालं आणि रुमाल समिती नेमली गेली. समितीने प्रथम रुमालाचं कापड, रंग आणि मापं ठरवली. विद्यापीठाच्या वतीने एकच हात विश्वासार्ह नाही, म्हणून विषयतज्ज्ञ, विधी आणि प्रशासन असे तीन हात आत जाणार होते. त्यामुळे रुमाल चादरीएवढा झाला. सार्वजनिक संस्थेचा व्यवहार झाकून होतो, यावर माहिती अधिकारात अर्ज येताच रुमाल पारदर्शक करण्यात आला. आरोग्याच्या दृष्टीने हातमोजे आले. हातमोज्यांतून बोटं कळेनात, म्हणून दाबलेलं प्रत्येक बोट मोठ्याने उच्चारून नमुना 'ब'मध्ये नोंदवायचं ठरलं. वर कॅमेरा बसला. पुस्तिका बासष्ट पानांची झाली. तिच्या परिशिष्टात दादाभाऊंचा उल्लेख 'अनौपचारिक स्रोत' असा होता. मॅडमना रुमाल संचालकपदी बढती देण्याचा प्रस्ताव निघाला.

पुढच्या वर्षी, आवणीच्या तोंडावर, मॅडम उपकेंद्रात असताना जानकू तिथे आला. जुवाची गादी झिजली होती आणि पवळ्याची खांद पुन्हा फुगायला लागली होती. नवी गादी प्रतिभाबाईंनी करून ठेवली होती. ती त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती.

जानकूने खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि हसत हात पुढे केला. "आना हात, ताई."

मॅडमचा हात टेबलावरून उचलला गेला. अगदी उपरण्याच्या काठापर्यंत गेला. मग त्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली, आणि त्यांना बढतीचा प्रस्ताव आठवला.

"भाऊ, रुमाल मंजुरीला गेलाय."

"माजं हाये की उपरनं."

"ते प्रमाणित नाही. तुम्ही नमुना 'अ' भरून द्या. मी स्वतः लक्ष घालते."

जानकूने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "बरं," म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून निघाला. पुढच्या बाजारात पवळ्या विकला गेला. मॅडमना हे प्रतिभाबाईंकडून कळलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण वार्षिक अहवाल द्यायचा होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'यंदाही एकही वाद नाही.'

तुम्हाला पिंगट मॅडमचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त एक आठवून पाहा. मागच्या आठवड्यात एक ओळखीचा माणूस तुमच्या समोर उभा होता. काम तुमच्या हातातलं होतं, अर्ध्या मिनिटाचं होतं. तुम्ही हसून त्याला म्हणालात, "व्हॉट्सॲपला टाकून ठेवा, बघतो." त्याने त्याच दिवशी टाकलं आहे.