इंजिनाच्या टाळूचं भोक

“तीन झटके? अहो कॅप्टन, तीन कशाला? एका झटक्यात इंजिन धडधडलं नाही, तर दवाखान्याची पाटी उतरवीन!”

दंतवैद्यांनी हे वाक्य भर मैदानात, चांगले वीस जण ऐकत असताना टाकलं. बावीस वर्षं लोकांच्या दाढा उपटणारा माणूस तो! दोरी ओढून इंजिन सुरू करणं म्हणजे डाव्या हाताचा खेळ, अशी त्यांची खात्री होती.

पॅरामोटर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगायचं, तर ते पाठीला बांधायचं इंजिन असतं. इंजिनाला पंखा, पंख्याभोवती जाळीचा पिंजरा, आणि डोक्यावर छत्रीसारखं लांबलचक कापडी पंख. दोरी खस्सकन ओढायची, इंजिन सुरू करायचं, पाठीला लावायचं, चार पावलं धावायचं आणि उडायचं. सांगायला दोन ओळी लागतात. डॉक्टरांना शिकायला आठ महिने लागले होते.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टन म्हणत. त्या कुठल्या सैन्यात नव्हत्या, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी माणसं रांगेत उभी राहत. त्यांचा नियम होता, की पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला आपलं इंजिन आपणच सुरू करायचं. तीन झटके मिळतील. तेवढ्यात नाही झालं, तर त्या दिवशी उडायचं नाही. आणि येत्या रविवारनंतर मैदानाचा मालक मैदान नांगरणार होता. म्हणजे हा रविवार हुकला, की थेट पुढचं वर्ष!

आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबायची डॉक्टरांची तयारी नव्हती. सेहेचाळिसावं लागलं होतं. दिवसभर चार बोटं रुंदीच्या अंधारात डोकावून त्यांचे डोळे थकले होते. एकदा, फक्त एकदाच, काहीतरी मोठं बघायचं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती. ती विज्ञानाची शिक्षिका होती, न सांगितलेलंही टिपून ठेवायची.

गुरुवारी संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम ठरली. इंजिन जुनंच विकत घेतलेलं, पण घासूनपुसून चकचकीत केलेलं. पंखा काढून ठेवला होता. सासरे खुर्ची टाकून समोर बसले. पाणीपुरवठ्यात हयात गेलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राविषयी त्यांचं एकच निदान असे.

“जावईबापू, कुठेतरी तुंबलंय.”

“बाबा, अजून ओढलंसुद्धा नाही मी!”

“ओढा की मग.”

डॉक्टरांनी ओढली. दोरी वीतभर आली आणि भिंतीत रुतल्यासारखी थांबली. पुन्हा ओढली. तेच! तिसऱ्या वेळी त्यांनी दात-ओठ खाल्ले, सगळं अंग मागे टाकलं, आणि मूठ हातातून सटकली! डॉक्टर मागच्या स्कूटरवर, ती स्कूटर पलीकडच्या स्कूटरवर, ती तिच्या पलीकडच्या! एकूण सात आडव्या झाल्या. त्यातल्या चारांचे अलार्म किंचाळू लागले. वरच्या सगळ्या खिडक्या पटापट उघडल्या.

“चोर चोर!” तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

“चोर नाही, जावई!” सासऱ्यांनी खालून खुलासा केला.

बायको खाली आली ती पाना घेऊनच. तिने इंजिनाचा प्लग काढला, दोन बोटांत दोरी धरली आणि ओढली. सरसर आली! प्लग परत बसवला. दोरी पुन्हा अडली.

“हे बघा,” ती म्हणाली, “इंजिन पेटत नाही हा प्रश्नच नाही. दोरी येत नाही हा प्रश्न आहे. प्लगचं भोक उघडं असलं की येते. म्हणजे अडवतेय ती आत कोंडलेली हवा.”

“तुंबलंय,” सासरे म्हणाले.

“धुराची नळी काढून आत बघायला हवं. पण एक करा. काहीही बदललंत, की लगेच दोरी ओढून बघा. एका वेळी एकच गोष्ट. दोन एकदम केल्यात, तर कशाने काय झालं ते कळणार नाही.”

“अगं, मी डॉक्टर आहे!” कोपर चोळत डॉक्टर म्हणाले.

तिथेच घोळ झाला.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी इंजिन मागच्या दाराने आत आणलं आणि इकडेतिकडे बघितलं. टेबल लहान, जमिनीवर उजेड नाही. मग राहिली एकच जागा! इंजिन पेशंटच्या खुर्चीत बसलं. खुर्ची मागे झुकली. वरचा दिवा लागला. आणि सवय ती सवय, डॉक्टरांनी त्याच्या गळ्याशी निळा कागदी रुमालही बांधला.

धुराची नळी सोडवली. ज्या तोंडातून धूर बाहेर पडतो, त्या तोंडात त्यांनी छोटा आरसा घातला, आणि त्यांचे डोळे चमकले. वर, बरोबर टाळूला, एक काळा ठिपका होता! मोहरीएवढा.

“सापडली!” डॉक्टर मोठ्याने म्हणाले. “कीड!”

अर्ध्या दारापलीकडे बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. दात साफ करून घ्यायला आले होते. त्यांनी कान टवकारले.

टोकदार आकड्याने डॉक्टर उकरू लागले. काजळीचा कडक काळा चुरा पडू लागला.

“अरे बापरे! काय अवस्था करून घेतली आहेस! किती वर्षं साफ केलं नाही कुणी?”

पोस्टमास्तरांनी जिभेने स्वतःचे दात चाचपले.

आकडा आत आत जात राहिला आणि अचानक पलीकडे निसटला.

“आरपार!” डॉक्टर हादरले. “आरपार गेलंय! पार डोक्यापर्यंत! आता हे असं उघडं ठेवून चालणारच नाही!”

पोस्टमास्तर उठले. चपला तिथेच राहिल्या.

इथे क्षणभर थांबायला हवं. त्या क्षणी इंजिन बरं झालेलं होतं! डॉक्टरांनी तेव्हा नुसती दोरी ओढली असती, तर गोष्ट इथेच संपली असती. पण बावीस वर्षं भोकं बुजवून पोट भरलेल्या माणसाच्या हातांना एवढंच ठाऊक होतं, की भोक साफ केलं की ते भरायचं. कुणी शहाणा माणूस एखाद्या वस्तूला मुद्दाम भोक ठेवत असेल, ही शंका त्यांच्या बोटांना शिवलीसुद्धा नाही. त्यांनी भोक वाळवलं. दातांत भरायचं उत्तमातलं सिमेंट कालवलं. थर दाबून बसवला, वरून घासून असा गुळगुळीत केला, की आरशात भोक शोधूनही सापडेना. इतकं सुबक काम गेल्या वर्षभरात हातून झालं नव्हतं!

मग धुराची नळी बसवून त्यांनी दोरीच्या मुठीकडे हात नेला, आणि मागे घेतला. छे! नवीन भरलेल्या जागेवर चोवीस तास जोर द्यायचा नाही. पेशंटना रोज बजावायचं आणि स्वतःच मोडायचं?

“झालं का?” घरी बायकोने विचारलं.

“खडखडीत बरं!”

“ओढून बघितलं?”

“उद्यापर्यंत आराम सांगितलाय.”

“कुणाला?”

“इंजिनाला.”

बायकोने वहीतून डोकं वर काढलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हा विनोद असावा असं समजून पुन्हा वह्या तपासू लागली. शनिवारी दवाखान्यात पेशंटची रीघ लागली, आणि इंजिनाचा आराम एका दिवसाने वाढला.

रविवारी सकाळी मैदानावर दव होतं. काठीवर बांधलेलं वाऱ्याचं कापड नुकतं कुठे हलत होतं. “नऊपर्यंत हवा चांगली आहे,” कॅप्टन म्हणाल्या. “नंतर ऊन तापलं की धक्के बसतात. मी कुणाला सोडत नाही. चला डॉक्टर, एका झटक्यात ना?”

त्यांनी पंख्याचा पिंजरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बायको आणि सासऱ्यांसकट वीस जण गोळा झाले. डॉक्टरांनी मूठ धरली.

पहिला झटका! दोरी वीतभरसुद्धा आली नाही.

दुसरा झटका! डॉक्टरांनी बुटांच्या टाचा मातीत रोवल्या, श्वास कोंडला आणि ओढलं. अख्खं इंजिन दोरीसकट उचललं गेलं, पिंजरा धरलेल्या कॅप्टन दोन पावलं फरपटत आल्या, पण दोरी काही बाहेर आली नाही! डॉक्टरांच्या उजव्या खांद्यात मात्र ‘कट्’ असं काहीतरी झालं.

“थांबा!” कॅप्टन म्हणाल्या. “एकच झटका राहिलाय, तो असा वाया घालवू नका. याला काय केलंत?”

“काही नाही. टाळूला एक भोक पडलं होतं, काजळीने भरलेलं. ते साफ केलं.”

“शाबास! त्या भोकात काजळी साचली की दोरी अशीच जड होते. साफ केलंत ना? मग अडतंय कुठे?”

“आणि मग भरलं.”

“काय भरलं?”

“भोक. सिमेंटने. दहा वर्षं हलणार नाही!”

बायकोने कपाळाला हात लावला. कॅप्टननी पिंजरा सोडला.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “ते भोक पडलेलं नाही. पाडलेलं आहे.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम! तुम्ही दोरी ओढता तेव्हा आतला दट्ट्या हवा दाबतो. हाताने ओढताना ती थोडी त्या भोकातून निसटते, म्हणून माणसाच्या हाताला झेपतं.”

“पण मग इंजिन चालू झाल्यावरही निसटेल की!”

“नाही,” बायको हळूच म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. “तेव्हा दट्ट्या इतक्या वेगाने पळतो, की हवेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हळू असताना दार उघडं, वेगात आपोआप बंद! दार नसतानाच! किती सुंदर!”

डॉक्टर खाली बसले. मोहरीएवढं भोक! ना झाकण, ना स्प्रिंग, ना काही. कुण्या माणसाने एवढा विचार केला होता, आणि आपण त्याला कीड म्हणालो!

“साडेसात झालेत,” कॅप्टन म्हणाल्या. “भरायला येतं, तर उकरायलाही येत असेल.”

गाडीतली पिशवी आली. धुराची नळी निघाली, प्लग निघाला. चुरा आत पडू नये म्हणून इंजिन तोंड खाली करून दोन खोक्यांवर टेकवलं. डॉक्टर गवतात उताणे झोपले, बायकोने एका हाताने आरसा आणि दुसऱ्याने प्लगच्या जागेतून बॅटरी धरली, आणि सुरू झालं! पण ते सिमेंट साधं नव्हतं. ते डॉक्टरांनी मन लावून भरलं होतं. आकडा घसरायचा. एक वाकला, दुसरा मोडला.

“कुणी भरलंय हे इतकं घट्ट!” डॉक्टर वैतागले.

“शहरात एकच चांगले आहेत म्हणे,” बायको म्हणाली.

आठ वाजले. सव्वाआठ. उजवा हात वर राहीना, म्हणून डॉक्टरांनी डाव्याने धरलं. काठीवरचं वाऱ्याचं कापड आता आडवं व्हायला लागलं होतं. आपल्याच कसबावर एवढा राग त्यांना कधी आला नव्हता! साडेआठला सिमेंटचा एक कपचा त्यांच्या चष्म्यावर टपकला. मग दुसरा. आणि मग भोकातून, पलीकडून, उजेडाचा एक बारीक ठिपका दिसला.

बायकोने प्लगच्या जागेतून धरलेली बॅटरी काढली. कॅप्टननी फुंकून, पुसून सगळं तपासलं, नळी आणि प्लग लावला, पुन्हा पिंजरा धरला.

“तिसरा आणि शेवटचा.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि डोंगर उपटायच्या बेताने दोरी ओढली. दोरी अशी आली, जशी लोण्यातून सुरी! सगळा जोर रिकाम्या हवेत गेला आणि डॉक्टर धप्पकन गवतात बसले. पण समोर इंजिन गरजत होतं! मागचं गवत लांबवर आडवं झालं होतं, दवाचे थेंब धुरळ्यासारखे उडत होते, आणि सासरे टोपी सांभाळत ओरडत होते, “तुंबलंच होतं! मी म्हटलं नव्हतं?”

नऊला बारा मिनिटं होती.

“उठा!” कॅप्टन ओरडल्या. त्यांनी इंजिन डॉक्टरांच्या पाठीला चढवलं, पंखाच्या दोऱ्या अडकवल्या. “जा!”

चार पावलं नाही, चौदा धावले डॉक्टर. पंधरावं पाऊल जमिनीला लागलंच नाही.

आधी मैदान लहान झालं. मग रस्ता दोऱ्यासारखा झाला. नदी, जी रोज पुलावरून नुसती गढूळ दिसायची, ती वरून चांदीसारखी वळसे घेत कुठल्या कुठे निघून गेलेली होती. शेतांचे तुकडे, झाडांच्या लांबलचक सावल्या, आणि क्षितिजापर्यंत पसरलेला कोवळा उजेड! याला कडाच नव्हती. कुठे आरसा घालावा लागत नव्हता, की दिवा वळवावा लागत नव्हता. पाठीमागे ते इंजिन एका लयीत गात होतं, मोहरीएवढ्या भोकासह. खाली एक ठिपका दोन्ही हात हलवत होता. ती बायको होती. इतकी शांत बाई इतके हात हलवताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

अकरा मिनिटांनी ते उतरले, ते चक्क पायांवर. घरी जाईपर्यंत नुसते गाडीच्या खिडकीतून वर बघत होते.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट आला. धिप्पाड ट्रक ड्रायव्हर, गाल सुजलेला, अक्कलदाढ काढायची होती. खुर्चीचे दोन्ही हात त्याने घट्ट धरले होते.

“डॉक्टर, खरं सांगा. काढताना दुखेल का हो?”

डॉक्टरांनी पकड उचलायला तो उजवा हात पुढे केला. हात खांद्यापर्यंतही आला नाही, डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

“दुखेल,” डॉक्टर म्हणाले. “पण तुम्हाला नाही.”