वॉर्डात भरती झालेलं शिलाई मशीन

या, जरा जवळ सरकून बसा. एका शिलाई मशीनची गोष्ट सांगायची आहे. मशीन साधंच, पायानं चालवायचं, शिवणकाम करणाऱ्या एका सुनेचं. पण एकदा ते थेट हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर भरती झालं होतं.

तिच्या सासूबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि आता थांबून चालणार नाही, असं सर्जनबाईंनी निक्षून सांगितलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टर हिरवा गाऊन घेऊन आल्या, तशी सासूबाईंनी खाटेची दांडी घट्ट धरली. सुरीची त्यांना भीती नव्हती. भीती होती भुलेच्या अंधाराची. त्या अंधारात देवाला आपण दिसलोच नाही तर? सुनेकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं ते मोठं स्तोत्र म्हण. मग जाते."

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले उपदेशक उपदेश गाऊन सांगायचे, आणि घराघरांत शास्त्राचा काही भाग चालीसकट पाठ असावा असा त्यांचा आग्रह असायचा. सुनेनं निवडलं होतं ते स्तोत्र, ज्यात माणूस देवाला म्हणतो की मी कुठंही गेलो तरी तुझ्या नजरेआड होत नाही. शिवणकामातून तिला वेळ कुठला? तिनं ते मशीनवर बसूनच पाठ केलं. पायडल खाली गेलं की अर्धी ओळ, वर आलं की उरलेली. कडवं संपलं की दोरा कापायचा.

आता ती खाटेशी उभी राहिली, घसा साफ केला, आणि पुढं काहीच येईना. पहिला शब्दसुद्धा नाही. सिस्टरांनी स्टूल दिलं. ती बसली, पाय हलवून पाहिला. पाय हलला, पण फरशी काही हलेना.

सुनेचा नवरा प्लंबर होता. चोंदलेलं काहीही मोकळं करायची त्याला सवय. त्यानं शास्त्राचं पुस्तक पुढं केलं, वाचून दाखव म्हणाला.

"पुस्तक माझ्या उशाशीच आहे रे," सासूबाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याचा जीव पुढच्या ओळीत असतो. मला आतून आलेलं हवंय."

मग त्यानं मोबाइलवर लावू का विचारलं. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मोबाइल आपसूक खिशात गेला.

"अहो," सून रडवेली होऊन म्हणाली, "मशीन आणा."

"कुठं?"

"इथं."

सिस्टर देवमाणूस. त्यांनी सर्जनबाईंना गाठून दुसरं ऑपरेशन आधी घ्यायला लावलं. सर्जनबाईंनी मात्र बजावलं की त्यानंतर एक मिनिटही थांबणार नाही. तोवर नवऱ्यानं टेम्पोतून मशीन आणलं होतं. फाटकावर वॉचमननं अडवलं. नातेवाईक सोडतो, डबा सोडतो, पण हे पेशंटचं कोण लागतं, असा त्याचा प्रश्न होता. नवऱ्यानं स्तोत्राचा सगळा प्रकार समजावून सांगितला. वॉचमनला एवढंच उमगलं की हे नसेल तर म्हातारी जात नाही, आणि त्यानं फाटक उघडलं. पुढं लिफ्टवाला. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. म्हणून मशीन स्ट्रेचरवर निजवून त्यावर चादर पांघरली. कॉरिडॉरमधली माणसं हळहळत बाजूला झाली. एका आजोबांनी तर टोपी काढली.

मशीन वॉर्डात उभं राहिलं, आणि लक्षात आलं की शिवायला कापडच नाही. सिस्टरांनी उसवलेले उशांचे अभ्रे आणून टाकले. सुनेनं पाय ठेवला. चाक फिरलं, आणि पहिल्याच टाक्याबरोबर स्तोत्र सुरू झालं. तू माझं बसणं जाणतोस, उठणं जाणतोस. आकाशात चढलो तर तू तिथं, पाताळात उतरलो तर तू तिथंही. वॉर्डातला खोकला थांबला. सलाइनचे थेंबसुद्धा तालात पडताहेत असं वाटलं. दारात सर्जनबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आणि नेमका अंधाराच्या ओळीपाशी दोरा तुटला. तिथंच स्तोत्रही तुटलं. सुनेनं तीनदा ओवून पाहिला, पण दोरा सुईत जाईना. सर्जनबाईंनी हळूच घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. जाडाभरडा, पण चालीत पक्का. काळोखसुद्धा तुझ्यापुढं काळोख राहत नाही, असं म्हणत सासूबाई पुढं निघाल्या होत्या.

"आई, तुम्हाला पाठ आहे?"

"मला काय ठाऊक?" सासूबाईच दचकल्या. "तू भिंतीपलीकडे शिवायचीस, मी इकडे भांडी घासायचे. कधी आत शिरलं कोण जाणे."

दांडी त्यांनी आपणहून सोडली. आईच्या उदरात देवानं आपल्याला कसं विणलं, ते गात त्या आत गेल्या. देवाचे विचार वाळूच्या कणांहून जास्त आहेत, इथवर आल्या आणि भुलेनं शब्द अर्ध्यावर थांबवला. हे सिस्टरांनी नंतर सांगितलं.

त्याहून मोठं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. भूल उतरू लागली, तेव्हा सासूबाईंचे ओठ हलले. पाणी मागत असतील म्हणून सिस्टर वाकल्या. सासूबाई राहिलेल्या जागेपासून पुढची ओळच म्हणत होत्या: आणि मी जागी होते, तर अजून तुझ्याचजवळ. सर्जनबाईंनी मास्क काढला आणि ऐकायला खाटेशी आल्या. मध्ये किती वेळ गेला, सासूबाईंना पत्ता नव्हता. वचनाला मात्र आपली जागा ठाऊक होती.

संध्याकाळी नवरा टेम्पो घेऊन आला आणि मशीनला हात घालणार, तोच शेजारच्या खाटेवरची बाई बोलली. तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

"दादा, उद्यापर्यंत राहू द्या ना ते. मला काहीच पाठ नाही हो."

नवऱ्यानं टेम्पो रिकामाच परत पाठवला. सुनेनं सुईत दोरा ओवला, आणि या वेळी तो पहिल्याच खेपेला गेला.

ती बाई कोण, कुठली, कुणी विचारलंच नाही. आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा तेवढी तिची आठवण ठेवा.