तिसऱ्या खिडकीखालचा डाग

सकाळी नऊ वाजता भिंतसर ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला आले, तेव्हा एक रंगारी शिडीवर उभा राहून त्यांची भिंत तारेच्या ब्रशने खरवडत होता. सरांच्या हातातलं भिंग, पट्टी आणि ट्रेसिंगचा कागद असं सगळंच एकदम खाली पडलं.

भिंत तशी महाविद्यालयाची. पण तिच्या तिसऱ्या खिडकीखाली, छातीएवढ्या उंचीवर, तळहाताएवढं एक राखाडी दगडफूल होतं आणि सर गेली अकरा वर्षं दर वर्षी याच तारखेला ते मोजत आले होते. दगडफूल वर्षाला एक मिलिमीटर वाढतं, तेही त्याच्या मनात असलं तर. विद्यार्थ्यांनी त्यांना भिंतसर म्हणायला सुरुवात केली ती यामुळेच, आणि पत्नीला हे नाव इतकं पटलं होतं की रागावल्यावर त्याही तेच वापरत. आजची नोंद बारावी, म्हणजे शेवटची. बारा नोंदी झाल्या की निबंध छापायचं एका संपादकाने कबूल केलं होतं. अकरा नोंदींचा आपल्याला काही उपयोग नाही, हेही त्याने स्वच्छ कळवलं होतं.

"अहो, थांबा! कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कागद आहे," रंगारी वरूनच म्हणाला. "चारला इथं कार्यक्रम आहे ना? त्याच्या आत सगळी भिंत पांढरी पाहिजे. वरचं झालं की जेवायच्या सुट्टीआधी खालचं उरकतो."

भिंतीच्या खालच्या भागावर त्याने ताडपत्री सोडली होती. सर ती उचलायला धावले, तर वरून ओंजळभर पोपडे त्यांच्या डोक्यावर आले.

"हात नका लावू साहेब! डोळ्यात जाईल."

"पण कागद कोणाचा?"

रंगाऱ्याने खिशातून घडी काढून खाली टाकली. परिसर सुशोभन समितीचा ठराव. ग्रंथालयाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनानिमित्त मागची भिंत घासून रंगवावी. खाली अध्यक्षांची सही. सही झोकदार होती आणि भिंतसरांची होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचकाला सर वेडे वाटतील. तसे ते नव्हते, फक्त प्राध्यापक होते. खरं म्हणजे तेही अजून नव्हते. सहयोगी प्राध्यापक होते, आणि बढतीच्या फॉर्मला पाच गुण कमी पडत होते. सुशोभन समितीचं अध्यक्षपद त्यांनी तीन वर्षांपूर्वी मागून घेतलं होतं, ते या भिंतीला कोणी रंग लावू नये म्हणून. त्यासाठी तीन वर्षांत त्यांनी एकदाही सभा बोलावली नाही. पण गेल्या आठवड्यात हेडक्लार्कने सांगितलं की समितीचा एक ठराव झाला तर पाच गुण मिळतात. सर म्हणाले, करा एखादा. हेडक्लार्कने केला, आणि सरांनी इतर चौदा कागदांबरोबर त्यावरही न वाचता सही ठोकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हेडक्लार्क समितीचा सचिवही होता. त्याने सरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"ठराव रद्द करायचा म्हणजे दुसरा ठराव लागेल, सर."

"मग करा."

"सभेला सात दिवसांची नोटीस लागते."

"सात दिवसांनी काय त्या भिंतीचा फोटो मोजू?"

"तातडीची सभा घेता येईल. पण तिला सगळे सभासद हजर पाहिजेत. तुम्ही, मी आणि ग्रंथपालबाई." हेडक्लार्क जरा थांबला. "आणि सर, ठरावच उडाला तर पाच गुणही उडतील. फॉर्म आज पाचपर्यंत गेला पाहिजे. पुढची संधी चार वर्षांनी."

चार वर्षांनी सर निवृत्त होऊन दीड वर्ष झालेलं असणार होतं.

"पण हा निबंध छापला गेला तर त्याचे गुण मिळतील ना?"

"संशोधनाचे गुण तुमचे केव्हाच भरलेत. त्यावर कितीही लिहा, शून्य."

सर खुर्चीत बसले. पत्नीने त्या दिवशी सकाळीच त्यांच्या शर्टाला इस्त्री करताना म्हटलं होतं, "एकदा प्राध्यापक व्हा, म्हणजे माझा भाऊ तरी गप्प बसेल." मेव्हणा सरांपेक्षा सात वर्षांनी लहान आणि प्राध्यापक होऊन सहा वर्षं झालेला. त्याने आयुष्यात भिंत कधी नीट पाहिलीही नव्हती. सरांना दोन मिनिटं बढती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मग त्यांना ब्रशचा तो खरखर आवाज आठवला.

"बोलवा सभा," ते म्हणाले.

ग्रंथपालबाई जागेवरून उठल्या नाहीत, म्हणून सभा त्यांच्या टेबलाशीच भरली.

"माझा विरोध आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या बुरशीमुळे आतल्या कपाटाला ओल येते."

"बुरशी नव्हे हो, दगडफूल! आणि ओल वरच्या पाइपामुळे येते. अकरा वर्षं सांगतोय मी."

"आणि मी नऊ वर्षं सांगतेय की माझी चार पुस्तकं परत आणा. पुस्तकं येऊ द्या, मग माझं मत घ्या."

सरांनी घरी फोन लावला.

"अगं, ग्रंथालयाची चार पुस्तकं आहेत आपल्याकडे. रिक्षा कर आणि लगेच घेऊन ये."

"कुठली?"

"जाड आहेत. निळ्या पुठ्ठ्याची."

"तीन दिसतायत. चौथं टेबलाच्या पायाखाली आहे."

"काढ ते!"

"भिंतसर, टेबलावर अख्खा स्वयंपाक मांडलाय मी. ते काढलं तर सगळं जमिनीवर येईल."

"मग दुसरं काहीतरी घाल पायाखाली!"

"काय घालू?"

"माझा प्रबंध घाल!"

पलीकडे काहीतरी उचलून ठेवल्याचा आवाज आला. मग पत्नी म्हणाल्या, "तो जास्त जाड आहे, टेबल दुसऱ्या बाजूला कलेल," आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या आल्या तेव्हा साडेबारा झाले होते. चार पुस्तकं त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवली. चौथ्याच्या मधोमध टेबलाच्या पायाचा गोल खळगा पडला होता. बाईंनी तो बोटाने चाचपला, सरांकडे पाहिलं आणि सही केली. हेडक्लार्कने केली. सरांनी केली, या वेळी तीनदा वाचून.

"म्हणजे बढती?" पत्नींनी विचारलं.

"गेली," सर म्हणाले, आणि कागद घेऊन पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस जितकं पळू शकतो तितकं ते पळाले.

भिंतीपाशी आले आणि थबकले. ताडपत्री घडी घालून ठेवलेली, भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र, आणि रंगारी पायरीवर बसून डबा खातोय. सर तिथेच मातीत बसले. नवीन शर्टासकट बसले. अकरा वर्षं गेली, पाच गुण गेले, आणि वर मेव्हणा होताच. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

"काय झालं साहेब?"

"इथं, तिसऱ्या खिडकीखाली, एक..." सरांनी बोट दाखवलं.

रंगाऱ्याने डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि खिडकीखाली चिकटवलेला, वरून पांढरा रंग बसलेला एक प्लास्टिकचा तुकडा सोलून काढला. आत दगडफूल होतं. शांत, राखाडी आणि जसंच्या तसं.

"चार पितळी खिळे ठोकलेत याला. त्यावर नंबर आहेत," तो म्हणाला. "नंबर घातलेल्या वस्तूला मी हात लावत नाही. सकाळी आल्या आल्याच झाकून टाकलं."

"अहो, मग मला सकाळी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्हाला फक्त कागद कोणाचा ते पाहिजे होतं."

सर तडक उठले. मग पट्टी शोधली, भिंग पुसलं आणि मोजलं. दगडफूल यंदा दीड मिलिमीटर वाढलं होतं. इतकं ते कधीच वाढलं नव्हतं. सरांनी आनंदाने रंगाऱ्याला मिठी मारली, त्यामुळे शर्टाची उरलीसुरली इस्त्रीही गेली.

चारच्या कार्यक्रमाला ते मागच्या रांगेत पत्नीशेजारी बसले. पत्नी शर्टाबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि हे लक्षण बरं नव्हतं. इतक्यात हेडक्लार्क वाकून कानाशी आला.

"सर, फॉर्मवर सही करा. दहा गुण धरलेत."

"दहा? अहो, पाचही गेले ना?"

"मी नियम काढून वाचला. एका ठरावाला पाच. ठराव केल्याचे पाच आणि तो मोडल्याचे पाच. ठरावाने काही काम व्हायला पाहिजे असं कुठं म्हटलेलंच नाही." हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हसल्यासारखं उमटलं. "सबंध महाविद्यालयात दोन ठराव करणारी समिती यंदा तुमचीच."

दगडफुलाच्या बारा नोंदींना शून्य, आणि अर्ध्या दिवसाच्या गोंधळाला दहा. सरांनी कपाळावर हात मारला आणि त्याच हाताने सही केली.

कार्यक्रम संपल्यावर प्राचार्यबाई प्रमुख पाहुण्यांना इमारत दाखवत मागच्या बाजूला आल्या. भिंत उन्हात लखलखत होती. पाहुणे कौतुकाने पाहत होते, आणि मग त्यांचं बोट तिसऱ्या खिडकीखाली गेलं.

"एवढा एक डाग तेवढा राहिला वाटतं."

प्राचार्यबाईंनी मागे वळून पाहिलं. "सर, तुम्हीच अध्यक्ष ना? तेवढा डाग काढून टाका बरं."

हेडक्लार्क जमिनीकडे पाहू लागला. सरांनी शर्टावरची माती झटकली आणि आयुष्यात प्रथमच एखाद्या प्राध्यापकासारखे ताठ उभे राहिले.

"हो मॅडम," ते म्हणाले. "समितीच्या पुढच्या सभेत विषय घेतो."