दाजींच्या गावाची वेस

मागच्या महिन्यात आमच्या दाजींनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. शटरवर खडूनं लिहिलं, ‘दुःखद घटनेमुळे बंद’. मांजरसुंब्याच्या चौकातली माणसं चेहरे पाडून घरी भेटायला आली.

“कोण गेलं, अप्पा?”

“एकवीस जण,” दाजी म्हणाले. “दुष्काळात गेले.”

ती एकवीस माणसं लॅपटॉपमधली होती.

मन्मथअप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावाचे अप्पा, माझे दाजी. वय एकसष्ट. दुकान पाइप, नळ आणि मोटारींच्या सामानाचं. पुण्याच्या मुलानं जुना लॅपटॉप देऊन टाकला, त्यात एक खेळ राहून गेला होता. हजारो वर्षांपूर्वीचा काळ, एक नदी आणि काठावर दहा उघडी माणसं. त्यांना जगवायचं. विटा पाडायच्या, धान्य पेरायचं, कोठार बांधायचं, लांडगे हाकलायचे, आणि जगलीवाचली तर त्यांचं नगर करायचं. मुलानं अर्धा तास शिकवलं आणि तो पुण्याला गेला. दाजी त्या नदीकाठीच राहिले.

आम्ही लिंगायत. “आपल्यात सुतक नसतं, दाजी,” मी म्हणालो.

“सुतक कुठं पाळतोय? पण एवढी माणसं गेल्यावर गिऱ्हाइकाशी हसून बोलायचं कसं बे?”

आतून अक्का ओरडली, “मी गेले तर ह्यातलं निम्मं तरी करतेत का बघ!”

त्या खेळात मेलेल्या माणसाला आडवं पुरतात. दाजींना ते पटेना. आपल्यात बसवून माती देतात. त्यांनी मुलाला फोन लावला, “त्या खेळवाल्यांना कळव. बसवायची सोय करा म्हणावं.”

खेळ मांडला की बाकीचे लोक म्हणे देऊळ बांधतात, तटबंदी करतात. दाजी विहिरी खोदत सुटायचे. “आधी पाणी. पाणी असलं की राजा आपल्या पायानं येतो.” प्रत्येक माणसाला नाव दिलेलं, तेही चौकातल्या कुणाचं तरी. वाटेत कुणी भेटलं की सांगायचे, “काल तुला लांडग्यानं धरलं होतं. पण वाचलास.”

खेळात मधूनच वेशीवर परकी, भुकेली माणसं येऊन उभी राहतात. पडद्यावर दोन बटणं दिसतात. आत घ्या किंवा परत पाठवा. दाजींनी दुसरं बटण कधी दाबलंच नाही. “येऊ दे, येऊ दे.” कोठारात अकरा दिवसांचं धान्य असताना चाळीस तोंडं आत घेतली, म्हणून तर ते एकवीस गेले.

“एकदा न्हाई म्हणा की दाजी. गाव वाचंल.”

“असं वाचलेलं गाव घेऊन करू काय?”

मी हसलो. खरं तर हसायचा अधिकार मला सगळ्यांत कमी होता. तेच आता सांगतो. बरीच वर्षं सांगितलेलं नाही.

दाजींचं रान लिंबागणेशला. त्या रानात म्हाळू धनगर दरसाल मेंढ्या बसवायचा. रात्रभर कळप बसला की रानाला लेंडीखत मिळतं. बदल्यात दाजी त्याला धान्य द्यायचे आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी. कागद नव्हता, शब्द होता.

एका वाईट उन्हाळ्यात अक्काचं ऑपरेशन निघालं. दाजी तिच्याजवळ शहरात, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली माझ्याकडं. जाताना बजावून गेले होते, “म्हाळू येईल. त्याला अडवू नको.” विहिरीत तळाला दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढंच पाणी उरलं होतं आणि शेजारची माझी मोसंबीची बाग त्याच विहिरीवर होती.

भर दुपारी म्हाळू आला. मागं त्याची बायको काशीबाई आणि दीडशे मेंढ्या. मेंढ्यांनी पाण्याचा वास घेतला होता, त्या हौदाकडं धावल्या. मी आडवा झालो. आणि म्हणालो, “दाजींनी न्हाई म्हणून सांगितलंय.”

म्हाळू भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “अप्पा म्हणले? मंग लईच अडचण असंल. अक्काला बरं हाय न्हवं?”

बरं आहे म्हणालो. त्यानं कळप वळवला. पुढचं पाणी सहा कोसांवर होतं. किती मेंढ्या पोचल्या ते मी कधी विचारलं नाही. राहिलेल्या विकून तो आष्टीकडं लेकीच्या गावी गेला, एवढंच कानावर आलं. मोसंबी जगली.

दाजी निरोप धाडत राहिले. म्हाळू आला नाही. “कावून येईना रे? माझं काय चुकलं?” हे ते मलाच विचारायचे. मी म्हणायचो, “काय माहीत.” दोन वर्षांपूर्वी म्हाळू वारल्याचं कळलं. त्याच आठवड्यात दाजींच्या खेळात एक मेंढपाळ म्हाळू झाला. त्याचं घर नदीला अगदी लागून.

परवा दुपारी मी दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक आलं म्हणून दाजी उठले. “माऊस धर. वेशीवर कोणी आलं तर घे.”

आले. सतरा जण. कोठार जवळजवळ रिकामं होतं. माझं बोट दुसऱ्या बटणावर गेलं.

दाजींनी परत येऊन पडद्यावरची ओळ वाचली, ‘सतरा जण परत पाठवले’. रागावले नाहीत. “कुठं गेले असतील बे?”

ते कुठं जातात हे खेळात दाखवत नाहीत.

मग मी सांगितलं. किल्ली, हौद, त्यांच्या तोंडी घातलेलं ‘न्हाई’, सगळं. दाजींनी लॅपटॉप मिटला. कुणीतरी अर्ध्या इंचाचा एल्बो मागितला, तो दिला. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, “म्हाळू काय म्हणला?”

“अक्काला बरं हाय का, म्हणला.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “उद्या काशीबाईकडं जायचं. तू सांगायचंस.”

सकाळी मोटारसायकलवर आष्टीकडं गेलो. काशीबाईनं ओळखलं. आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, मग समोर बसली. इकडचं तिकडचं काही नाही.

“अप्पा, आमचं काय चुकलतं वो?”

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. वाट पाहिली. दावणीच्या शेळीचं चघळणं ऐकू येत होतं.

शेवटी दाजीच बोलले. “तुमचं काय न्हाई चुकलं. पाणी व्हतं. मीच न्हाई म्हणाया लावलं.”

काशीबाईनं पदर तोंडाला लावला. “ह्ये मरेपातूर म्हणायचे, अप्पा तसला माणूस न्हाई. मधीच कुणीतरी बोललं असंल.” पदर खाली घेतला. “ह्येच खुळे निघाले म्हणायचे.”

दाजींचा हात तांब्याकडं गेला होता, तो तिथंच थांबला. तेव्हाही मी बोललो नाही.

येताना मी विचारलं, “दाजी, कावून घेतलं अंगावर?”

“तुझं तोंड बघवंना,” ते म्हणाले. “वाटलं, माझ्यानं निभेल. म्हाळू असं म्हणत असंल हे काय ठाऊक?”



म्हाळू खुळा नव्हता. त्यानं बरोबर ओळखलं होतं. मधे बोललेला माणूस मी, शिवा.

काशीबाईला वाचता येत नाही. हे लिहिलेलं तिला मलाच, समोर बसून, वाचून दाखवावं लागेल.