घड्याळजींचा ऑक्सिजन

"थांबला... परत थांबला... अरे, चाल की बाबा!"

रविवारच्या दुपारी, जेवणानंतरच्या डुलकीतून बाईंना अर्धवट जाग आली ती कानाशी चाललेल्या या कुरकुरीने. शेजारी त्यांचे यजमान, घड्याळजी, आडवे झाले होते. बाईंनी डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली. झोपेतसुद्धा या माणसाचे लंबक सुटत नाहीत!

बाई शाळेच्या ग्रंथपाल. टेबलामागे 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण ती आपली शोभेला. मुलं घाबरायची ती चष्म्यावरून येणाऱ्या बाईंच्या नजरेला. वाचनालयात पालसुद्धा विचारून चुकचुकते, असं शिपाई सांगायचा. घड्याळजींचं दुकान कोपऱ्यावर, कपाटाएवढं. अलीकडे ते तिथे डोळ्याला भिंग लावून बसल्याबसल्या पेंगायचे. परवा तर एका गिऱ्हाइकाने घड्याळ राहू दिलं आणि त्यांनाच हलवून चालू केलं!

"अहो, तुमची झोप बिघडलीय. झोपेत बडबडता!"

"मी?"

"मग काय, मी?"

घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. बाईंनी परगावच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, बाबांचं नाही गं, तूच..."

"मी काय?"

"तूच... तूच बघ ना त्यांच्याकडे जरा!"

तेच तर बाईंना हवं होतं! त्यांनी रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणारा मनगटी पट्टा मागवला आणि शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "आठ दिवसांत यांची झोप ताळ्यावर आणली नाही, तर वाचनालयात ढोल वाजवू देईन!"

आता, घड्याळजींनी उभ्या जन्मात मनगटाला काही बांधलेलं नव्हतं. तरी पट्टा बघून ते एवढंच म्हणाले, "बरं." बाई निश्चिंत झाल्या आणि नेहमीप्रमाणे दहाला उशीला डोकं टेकताच लाकडाच्या ओंडक्यासारख्या झोपल्या.

सकाळी स्टुलावर पट्टा होता आणि मोबाइलमध्ये आकडा. सर्वात कमी : ब्याऐंशी.

"ब्याऐंशी! फर्स्ट क्लास!" बाईंनी हौसेने लेकीला कळवलं.

"आई, ही काय गुणपत्रिका आहे? नव्वदच्या खाली जायचंच नसतं!"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग मात्र त्यांनी पदर खोचला. घड्याळजींचा चहा बंद! जिना बंद! डोक्याखाली तीन उशा, त्यामुळे ते अंथरुणात पडण्याऐवजी बसल्यासारखेच दिसू लागले. शाळेतले पीटीचे सर घरी आले, "फुप्फुसांना व्यायाम हवा," म्हणाले आणि चाळीस फुगे ठेवून गेले. घड्याळजींनी निमूटपणे सगळे फुगवले. शेजारची मुलं वाढदिवस समजून दारात येऊन उभी राहिली!

दुसऱ्या दिवशी आकडा एक्याऐंशी.

"बघा! होती नव्हती ती हवा फुग्यांत भरून बसलात!" बाई कळवळल्या. आणि त्या रात्री पहिल्यांदाच त्या खरोखर घाबरल्या. या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता, भाजीला नाव ठेवलं नव्हतं. हा असाच, न बोलता, एखाद्या रात्री... छे! त्यांनी त्याच्या बोटांना घट्ट धरलं आणि जागंच राहायचं ठरवलं. चौथ्या मिनिटाला ओंडका!

सकाळी त्यांच्या स्वतःच्या मनगटावर लाल वळ दिसला. वाचनालयातल्या कार्डांची रबरं बाई मनगटातच अडकवत. रबर काचलं असेल, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिसरा आकडा बघायचं धाडसच न करता त्यांनी घड्याळजींना धरून दवाखान्यात नेलं. लेकीलाही फोनवर घेतलं.

डॉक्टरांनी घड्याळजींना तपासलं. छाती ठीक, नाडी ठीक. मग मोबाइलमधला पट्ट्याचा आलेख पाहून ते गंभीर झाले. "झोप रोज दहाला लागते?"

"छे, मी बारापर्यंत जागा असतो," घड्याळजी म्हणाले.

"इथे तर दहा वाजून चार मिनिटांनी गाढ झोप दिसतेय. पट्टा घाला पाहू."

घड्याळजींनी घातला. ओढला. आणखी ओढला. पण त्या रुंद मनगटावर पट्टा शेवटच्या भोकापर्यंतसुद्धा पोचेना!

"मग हा रोज घालतंय कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

घड्याळजींनी चोरून बाईंकडे पाहिलं. "पहिल्या रात्री मला बसेना, म्हणून सहज तुझ्या हातात घालून पाहिला. सकाळी आकडा दिसला. मग रोजच घातला. म्हटलं, माझ्या नावाने का होईना, तू डॉक्टरसमोर येऊन तर बसशील."

"माझा आकडा? अहो, काहीतरीच! मला तर गाढ झोप लागते!"

"तुला लागते," घड्याळजी म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांसमोर रविवारची दुपार आली. थांबला, परत थांबला, चाल की बाबा. लंबक नव्हता तो! आणि रात्री त्यांना हलकेच कुशीवर वळवणारा तो हात, ज्याच्यावर त्या झोपेत किती वेळा खेकसल्या होत्या! दुकानात पेंगणारा हा माणूस वर्षानुवर्षं उशाशी बसून एकच यंत्र चालू ठेवत होता. आणि त्याबद्दल त्यांनी त्याला चाळीस फुगे फुगवायला लावले होते!

"मग... मग सांगायचं नाही का मला कुणी?"

डॉक्टर स्वच्छ स्टेथोस्कोप आणखी स्वच्छ पुसू लागले. फोनमधून लेक म्हणाली, "आई, आवाज तुटतोय हं..." आणि तुटलाच.

घड्याळजींनी पट्टा टेबलावर ठेवला. अगदी हळू, वाचनालयात बोलावं तसं ते म्हणाले,

"अगं, तू घोरतेस. आणि घोरतेस त्याचं मला काही नाही. मधेच घोरणं थांबतं ना, तेव्हा मला फार भीती वाटते."